‘अंधा युग’मधले पहारेकरी कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ डिसेंबर २०२६ रोजी धर्मवीर भारती यांच्या जन्माला शंभर वर्षे होतात. त्या निमित्ताने राज्य नाट्यस्पर्धेच्या हिंदी विभागात, महाविद्यालयांत आणि हौशी संस्थांत ‘अंधा युग’ हे त्यांचे हिंदी काव्यनाटक, महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून कृष्णाच्या मृत्यूपर्यंतचे, पुन्हा निघणार हे उघड आहे. निघावेच. मात्र सोनेरी मुकुट, मखमली शेले, धुराचे यंत्र, पहिल्याच अंकात बसलेले घसे आणि वेळेत बसवण्यासाठी कापलेले दोन पहारेकरी, हा आपल्याकडचा नेहमीचा थाट असेल तर त्यापेक्षा चार खुर्च्या मांडून केलेले अभिवाचन बरे. नाटक हातात घेणाऱ्यांना काही नेमक्या गोष्टी वेळेवर कळाव्यात म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी दोन गैरसमज. भारती म्हणजे ‘धर्मयुग’चे संपादक, ही महाराष्ट्रातली ओळख खोटी नाही. १९६० ते १९८७ अशी सत्तावीस वर्षे त्यांनी मुंबईत बसून ते साप्ताहिक चालवले. पण नाटककार भारती त्याआधीचे आहेत, मुंबईचे नव्हेत, इलाहाबादचे. ‘गुनाहों का देवता’ ही कादंबरी १९४९ची, अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘दूसरा सप्तक’मधल्या कविता १९५१च्या, ‘ठंडा लोहा’ आणि ‘सूरज का सातवाँ घोड़ा’ १९५२ची. ‘अंधा युग’ १९५४चे, म्हणजे लेखकाचे वय अठ्ठावीसच्या आत. त्याच सुमारास डॉ. धीरेंद्र वर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध साहित्यावरचे त्यांचे संशोधन पुरे होत होते. तेव्हा ‘ज्येष्ठ संपादकाने आयुष्यभराच्या चिंतनातून लिहिलेले नाटक’ अशी ओळख छापली की सगळाच हिशेब चुकतो. हे एका तरुण कवीचे नाटक आहे. हिरोशिमाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती आणि फाळणीला सात.

दुसरा गैरसमज असा की हे मुळात रेडिओसाठी लिहिले आणि मागाहून रंगमंचावर आणले. भारतींनी पुस्तकाच्या सुरुवातीच्या ‘निर्देश’मध्ये नेमके उलटे सांगितले आहे. नाटक रंगमंच डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिले, त्याचे रेडिओ रूपांतर नंतर झाले, आणि त्या रूपांतराचा उपयोग संवादांची लय व भाषा घासूनपुसून घ्यायला झाला. दिग्दर्शकाने हे नीट ध्यानात ठेवावे. ही संहिता माइकसमोर, नुसत्या कानाच्या कसोटीवर एकदा पारखून निघाली आहे. डोळ्यांसाठी तिच्यात भर घालण्याची गरज फारशी पडत नाही.

तो ‘निर्देश’ दोन-तीन पानांचा आहे. पण तालमीची झेरॉक्स काढताना नेमकी तीच पाने गळतात आणि पुढचा बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मंचाविषयी भारती काय मागतात पाहा. मागे एक कायमचा पडदा. त्याच्यापुढे आणखी दोन. समोरचा अंकाच्या आरंभी उठतो आणि अंक संपेपर्यंत उठलेलाच राहतो. अंकातल्या अंकात दृश्य बदलते तेव्हा फक्त मधला पडदा वरखाली होतो. मधला आणि मागचा पडदा रंगवलेला नसावा. सजावट कमीत कमी. प्रकाशयोजनेत मात्र फार सावध राहा. खुल्या मंचावरच्या लोकनाट्याच्या धाटणीने करायचे असेल तर तीही मुभा आहे, आणि कल्पक दिग्दर्शकाला मंच प्रतीकात्मक करण्याचीही. झाले. राजवाड्याचे खांब, सिंहासन, रथाचे चाक यांतले एकही नाव या यादीत नाही. नेपथ्याच्या गुणांसाठी खांब उभे करणारी संस्था पहिल्या पाच मिनिटांत गुण मिळवते आणि पुढचे दोन तास त्या खांबांना वळसे घालत फिरते.

आता कथागायन, म्हणजे प्रसंगांच्या मध्ये गायकांनी गाऊन सांगितलेली कथा. ही पद्धत भारतींनी लोकनाट्याच्या परंपरेतून घेतली आहे आणि तिला तीन कामे दिली आहेत. जे मंचावर दाखवलेले नाही ते कळवणे, प्रसंगाची आर्तता वाढवणे आणि काही ठिकाणी प्रतीकाचा अर्थ उलगडणे. गायक दोन, एक पुरुष आणि एक स्त्री. जिथे छंद बदलतो तिथे दुसऱ्याने सूत्र उचलायचे. वाद्ये थोडी, गळा प्रमुख. एवढे स्पष्ट लिहिलेले असताना आपल्याकडे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे कथागायन आधी ध्वनिमुद्रित करून कीबोर्ड आणि ड्रमसकट वाजवणे. मुद्रित गाण्याला नटाच्या श्वासाशी जुळवून घेता येत नाही. नट चार सेकंद उशिरा आला की गाणे संपलेले असते आणि मंच रिकामा पडतो. दुसरी चूक खास आपली आहे. लोकपरंपरा म्हटली की आपल्याला पोवाडा आठवतो, आणि मग डफ-तुणतुण्यावर चढ्या सुरात कथागायन सुरू होते. पोवाडा वीराचा असतो. इथे पहिल्या अंकाच्या तोंडालाच गायक सांगतात की मर्यादा दोन्ही पक्षांनी मोडली, ‘पांडव ने कुछ कम कौरव ने कुछ ज़्यादा’. हा हिशेब ताठ मानेने, हात वर करून सांगायचा नसतो. मध्यम सप्तकातली, जवळजवळ बोलण्याइतकी सपाट चाल, स्वराला एकतारी किंवा तानपुरा आणि ठेक्याला फार तर एखादा मृदंग पुरेसा होतो. गायक मंचाच्या कडेला प्रेक्षकांना दिसतील असे बसवावेत. नट आणि गायक एकमेकांना पाहू शकले की निम्मे अपघात टळतात.

आता शीर्षकातल्या पहारेकऱ्यांकडे.

नाटकाला अवधी कमी पडतो तेव्हा दिग्दर्शकाची पेन्सिल पहिली चालते ती प्रहरी १ आणि प्रहरी २ यांच्यावर. कारण ठरलेले असते: ते कथा पुढे नेत नाहीत. बरोबर आहे, नेत नाहीत. सूनसान दालनात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतात. सतरा दिवसांच्या युद्धात त्यांचे भाले आणि ढाली नुसत्या अंगावरचे ओझे होऊन राहिल्या. रक्षण करण्याजोगे तिथे काही उरलेच नव्हते, असे ते स्वतःच सांगतात. भारतींनी त्यांची तुलना ग्रीक नाटकाच्या कोरसमधल्या, म्हणजे घटनांवर भाष्य करणाऱ्या समूहातल्या, खालच्या वर्गातल्या पात्रांशी केली आहे, आणि त्यांना स्वतःचे प्रतीकात्मक महत्त्व आहे असेही बजावले आहे.

पहिल्या अंकातला गिधाडांचा प्रसंग घ्या. आधी आवाज येतो. मग अंधारून येते. एक पहारेकरी विचारतो, काही दिसते का? दुसरा म्हणतो, ‘अंधे राजा की प्रजा कहाँ तक देखे?’ आधी ढग वाटतात. मग ओळख पटते की ही गिधाडे आहेत, लाखो-करोडो, कुरुक्षेत्राकडे निघालेली. दोघे खाली वाकून ढालींखाली दडतात. सतरा दिवस जिचा उपयोग झाला नाही ती ढाल पहिल्यांदा कामी येते ती पक्ष्यांपासून वाचायला. नाटकाचा सारा कडवटपणा या एका हालचालीत आहे. ती मंचावर जमवायची तर चार टप्पे वेगवेगळे ठेवावे लागतात: आवाज, अंधार, ओळख, वाकणे. प्रकाशयोजनाकार बहुधा आवाज आणि अंधार एकदमच देतो, आणि ‘ढग असावा’ हे वाक्य फुकट जाते. आवाज सुरू झाल्यावर किमान दोन वाक्ये जाऊ द्यावीत, मग प्रकाश हळूहळू उतरवावा, आणि तोही वरून, बाजूंनी नव्हे. ढाल एवढी रुंद हवी की उकिडवा बसलेला माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत तिच्याखाली मावेल. भाड्याने मिळणारी थाळीएवढी ढाल घेतली की प्रेक्षक हसतो. पत्र्याची ढालही नको, नट खाली बसताना ती खणकते आणि तिथे लागणारी शांतता जाते. वेताच्या किंवा पातळ प्लायच्या सांगाड्यावर कापड ताणून रंगवलेली ढाल हलकी असते, वाजत नाही. पडद्यावर प्रोजेक्टरने गिधाडे दाखवण्याचा मोह आवरावा. ती पहारेकऱ्यांच्या मानेत दिसली पाहिजेत.

आणि पाचवा अंक. युधिष्ठिराचे राज्य आले आहे. त्याच दालनात तेच दोघे फिरताहेत. राजे बदलले, आपली स्थिती होती तशीच, असा त्यांचा निष्कर्ष. वर हेही की आधीचे राजे बरे होते, आंधळे होते पण राज्य तरी करत होते. पहिल्या अंकातली त्यांची पावले प्रेक्षकांच्या लक्षात राहिली असतील तरच हे वाक्य जिव्हारी लागते. त्यासाठी दोन्ही अंकांत चालण्याची गती, वळण्याची जागा आणि भाला ज्या खांद्यावर आहे तो खांदा तंतोतंत तोच ठेवावा. पाचव्या अंकात नवे पोशाख देण्याची हौस नडते. कापले तर दोघांचे मिळून काही मिनिटे वाचतात, आणि उरते ते राजघराण्याचे भांडण. ते दूरदर्शनवर पाहून झाले आहे.

कापू नये अशी दुसरी जागा म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या अंकांमधला ‘अंतराल’, ज्याचे नाव ‘पंख, पहिये और पट्टियाँ’. भारतींनी म्हटले आहे की याच्या आधी मोठे मध्यंतर घेता येईल. आपल्याकडे ‘अंतराल’ म्हणजेच मध्यंतर असे समजून तेवढा मजकूर उडवला जातो! त्यात कोण आहे ते बघा. दुसऱ्या अंकात अश्वत्थाम्याने ज्याला ठार मारले तो वृद्ध याचक प्रेत होऊन आला आहे. कौरवांचा जय होईल असे भविष्य सांगून तोंडघशी पडलेला हा ज्योतिषी. पांडवांच्या बाजूने लढलेला धृतराष्ट्राचा मुलगा युयुत्सू, संजय आणि विदुर यांना तो एकेक करून बोलते करतो आणि प्रत्येक जण आपल्या आतले उघडे करतो. युयुत्सू स्वतःला चुकीच्या आसाला लागलेले चाक म्हणतो. पुढे ‘समापन’ या शेवटच्या भागात कृष्णाला बाण मारणारा जरा व्याध येतो तो हाच याचक, प्रेतरूपातला. जरा हे नाव भागवतात आहे, त्याला याचकाची प्रेतकाया मानणे हे भारतींचे. ‘अंतराल’ गेला की शेवटी व्याध कुठून उपटला हे कुणालाच कळत नाही आणि कृष्णाचा मृत्यू नुसता अपघात होतो. या भागात काही ठिकाणी छंद सोडून वृत्तगंधी गद्य आहे, म्हणजे लयीचा वास असलेले गद्य. नटांना ते सोपे वाटते आणि ते घाईने उरकतात. उलट इथे गती निम्म्यावर आणावी.

तिसरी जागा मुक्या सैनिकाची. त्याला एकही शब्द नाही, म्हणून तो काही वेळा थेट गाळला जातो किंवा गर्दीत उभा केला जातो. कौरवांची उरलीसुरली सेना परत येते तेव्हा हा घायाळ सैनिक पाणी मागतो. युयुत्सू त्याला पाणी द्यायला जातो, आणि ओळख पटताच तो सैनिक भेदरून मागे सरकतो, कारण त्याचे गुडघे युयुत्सूच्याच अग्निबाणांनी भाजलेले आहेत. गांधारी तोंड फिरवते, प्रजा भितेय, आणि मुका पाणी नाकारतो. या तीन गोष्टी ओळीने घडल्या तरच पाचव्या अंकातली युयुत्सूची आत्महत्या पटते. एरवी ती अचानक वाटते आणि परीक्षकही तसे लिहून देतात. मुक्याच्या भूमिकेला नवखा मुलगा देऊ नये.

मग कापायचे काय? विदुर-धृतराष्ट्र यांच्या पहिल्या अंकातल्या लांब बोलण्यातल्या काही ओळी, युधिष्ठिराच्या पाचव्या अंकातल्या स्वगतातला काही भाग, गांधारीच्या शोकातली एखादी पुनरुक्ती. ओळी कापाव्यात, पात्रे नव्हे. कापतानाही छंदाचा श्वास बघावा. मुक्तछंद म्हणजे कुठूनही तोडता येणारी दोरी नव्हे. ओळ अर्ध्यात तोडली की पुढच्या ओळीचा पहिला शब्द लंगडतो आणि नट त्या जागी दर प्रयोगाला अडखळतो. पाठांतर कच्चे म्हणून त्याला बोलणी बसतात, दोष कात्रीचा असतो.

अश्वत्थाम्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ही भूमिका मिळालेला नट पहिल्या वाचनापासून ओरडायला लागतो. त्याचे दुसऱ्या अंकातले आगमन आठवा. हातात मोडलेले धनुष्य. ते शत्रूने मोडलेले नाही. निःशस्त्र, डोळ्यांत पाणी आलेल्या दुर्योधनाला पाहून याने स्वतःच मुरगाळले. चिरडलेल्या सापासारखे भयंकर पण बळ गेलेले असे तो त्याचे वर्णन करतो, आणि आपले मनही तसेच, असे म्हणतो. बळ गेलेला माणूस ओरडत नाही. पुढे वध ही त्याच्या दृष्टीने नीती उरत नाही, ती ‘मनोग्रंथि’ होते. शब्द पाहा, मानसशास्त्राचा आहे, पुराणातला नव्हे. आणि याचकाला मारल्यानंतर तो म्हणतो की मला मारायचे होते ते भविष्याला, हा म्हातारा मेलेला कसा सापडला मला ठाऊक नाही. ही ओळ हळू, जवळजवळ तक्रारीच्या सुरात आली तर अंगावर काटा येतो. आरोळी ठोकून म्हटली तर ती खलनायकाची होते. साधा उपाय सांगतो: पहिले दहा दिवस सगळ्यांनी बसूनच वाचन करावे आणि अश्वत्थाम्याला संजयापेक्षा मोठा आवाज काढायला बंदी असावी. संजयही महत्त्वाचा. सत्य सांगणे हेच त्याचे काम, आणि ते काम त्याला आता सोसवत नाही. तो निवेदक नाही. बातम्या वाचल्यासारखा संजय झाला की नाटकाचा एक पाय गेला.

ब्रह्मास्त्राच्या प्रसंगात व्यास अश्वत्थाम्याला विचारतात, ‘ज्ञात क्या तुम्हें है परिणाम इस ब्रह्मास्त्र का?’ पुढच्या ओळींत शतकानुशतके न उगवणारी वनस्पती आहे आणि विकलांग जन्मणारी मुले आहेत. १९५४च्या श्रोत्याला हे काय आहे ते सांगावे लागत नव्हते. आजच्यालाही लागत नाही. मागे अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावणे म्हणजे विनोद सांगून झाल्यावर तो समजावून देण्यासारखे आहे.

पात्रयोजनेचे गणित असे. पात्रे सोळा. त्यांत स्त्री एकटी गांधारी. म्हणजे कथागायिका धरून दोन. बलराम आणि व्यास एकाच नटाला देता येतात. कृष्णाचा भाग बहुतांशी आवाजाचाच आहे, त्याला मुकुट-मोरपिसासह उभा करण्याचे कारण नाही. चेहरा दिसला की प्रेक्षक त्याला मालिकेतल्या कृष्णाशी ताडून पाहू लागतो. आवाज मात्र ध्वनिमुद्रित नको, विंगेतून प्रत्यक्ष हवा, कारण गांधारीच्या शापानंतरचे त्याचे उत्तर तिच्या रडण्याच्या लांबीवर ठरते. अठरा दिवसांच्या संग्रामात दुसरे कुणी नाही, मीच कोट्यवधी वेळा मेलो, असे तो सांगतो आणि शाप स्वीकारतो. त्याआधीची शांतता रोज वेगळी असते. कृष्णाचा आवाज आणि याचक ही दोन कामे एकाच नटाकडे चुकूनही देऊ नयेत. मारणारा आणि मरणारा एकाच गळ्यातून बोलले की प्रेक्षक भलताच अर्थ लावतो.

गांधारीची पट्टी ही साधी वस्तू वाटते, पण प्रयोग तिच्यावर अडू शकतो. चौथ्या अंकात अश्वत्थाम्याचे अंग वज्राचे करावे म्हणून त्याला पाहायला ती पट्टी काढायला सांगते. त्याआधी ती कधीही सैल होता कामा नये आणि त्या क्षणी ती एका हाताने सुटली पाहिजे. गाठ मारलेली पट्टी या दोन्हीत दगा देते. मागे आतून हूक किंवा चिकटपट्टी लावावी. कापड काळे मलमल, दोन पदरी, म्हणजे नटीला दिव्यांची दिशा कळते. धृतराष्ट्राने तिच्यासारखे चाचपडू नये. तो जन्मांध आहे, राजवाडा त्याच्या पायांना पाठ आहे. पट्टी बांधलेली बाई आणि जन्मांध पुरुष यांच्या चालण्यातला फरक दिग्दर्शकाने ठरवून दिला नाही तर दोघेही सारखेच हात पुढे करून फिरत राहतात.

उच्चार. हे नाटक हिंदीत करणाऱ्या मराठी नटांनी यासाठी वेगळा आठवडा काढावा. ‘बिखर चुकी’मधला ‘चु’ आपण ‘चूक’ या शब्दातल्यासारखा दाताला चिकटवून म्हणतो, हिंदीत तो ‘चिमणी’तल्या ‘च’सारखा आहे. ‘जो’, ‘जब’, ‘जैसे’ यांचा ‘ज’ ‘जीव’मधला, ‘जग’मधला नव्हे. ‘ज्ञ’ हिंदीत ‘ग्य’च्या जवळ, आपल्यासारखा ‘द्न्य’ नाही, म्हणून ‘ज्ञात क्या’ इथे हमखास ठेच लागते. ‘कृष्ण’, ‘मृत्यु’मधल्या ‘ऋ’ला हिंदीत ‘रि’ येते, आपण ‘रु’ म्हणतो. ‘है’ आणि ‘और’ यांतले स्वर ‘अइ’, ‘अउ’ असे फोडू नयेत. ‘में’, ‘नहीं’, ‘हूँ’ यांतले नाकातले स्वर कोरडे झाले की ओळीचा शेवट तुटतो. मुक्तछंदात यमक नसले तरी ओळीच्या शेवटाला वजन असते, ते या अनुनासिकांवर पेललेले आहे. मात्र शुद्धतेच्या नादात बातम्या वाचल्यासारखी हिंदीही नको.

या नाटकाच्या प्रयोगांची सुरुवात महाराष्ट्रातली आहे, हेही शताब्दीत आठवावे. १९६२मध्ये सत्यदेव दुबे यांनी ते मुंबईत थिएटर युनिटतर्फे केले. मराठी प्रेक्षकाला दुबे परके नाहीत, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा १९७१चा चित्रपट त्यांचाच. पुढच्याच वर्षी इब्राहिम अल्काझींनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत ते उभे केले आणि १९७४मध्ये पुराना किल्ल्यात. रतन थियाम यांनी ते मणिपुरीत नेले. किल्ला परवडत नसेल तर शाळेच्या मागचे ओसाड पटांगण चालेल, पण तिथे माइक लावावे लागतात आणि माइक लागले की नट कुजबुजीला मुकतात. दीडदोनशे प्रेक्षकांचे बंदिस्त सभागृह या नाटकाला सर्वांत मानवते, असे आमचे मत.

सोळा माणसे जमत नसतील त्यांनी ‘कनुप्रिया’ घ्यावी. १९५९चे हे दीर्घकाव्य त्याच युद्धाकडे राधेच्या बाजूने बघते. पूर्वराग, मंजरी-परिणय, सृष्टि-संकल्प, इतिहास आणि समापन असे त्याचे पाच भाग. एक वाचक, एक दिवा, एवढ्यावर होते. सगळे वाचायला अवधी नसेल तर ‘इतिहास’ हा भाग सलग वाचावा. कर्म, स्वधर्म, निर्णय, दायित्व हे शब्द राधा तिथे पोकळ ठरवते. आधी ‘अंधा युग’चा पाचवा अंक आणि लगेच हे, अशी संध्याकाळ ठेवून पाहण्यासारखी आहे. एकांकिका स्पर्धांसाठी ‘नदी प्यासी थी’ हा १९५४चा एकांकिकासंग्रह आहे. त्याकडे आपल्याकडे कुणी वळत नाही.

एक अवांतर. भारतींचे अखेरचे घर वांद्र्याच्या साहित्य सहवासातले, म्हणजे मराठी लेखकांच्या शेजारातले. १९८९च्या जुलैत हृदयविकाराचे लागोपाठ तीन झटके येऊन ते वाचले, तेव्हा त्यांना भेटायला आलेले विंदा करंदीकर म्हणाले की तुमच्या अवतीभवती पुस्तकरूपाने बसलेल्या या शेकडो महापुरुषांच्या आशीर्वादाने तुम्ही वाचलात. हे भारतींनीच स्वतःच्या ग्रंथसंग्रहावरच्या लेखात लिहून ठेवले आहे, आणि तो लेख नववीच्या हिंदीच्या पुस्तकात देशभरच्या मुलांनी वाचला आहे. पुढे ४ सप्टेंबर १९९७ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

शेवटी कागदपत्रे, कारण प्रयोग ऐन वेळी अडतो तो इथे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे भारतींच्या लेखनावर तो २०५७ अखेरपर्यंत आहे. तिकीट लावणार असाल तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी लागते. शाळा-महाविद्यालयाने आपले शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे केलेल्या किंवा हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. पण तोच प्रयोग पुढे तिकिटावर नेला की ती सवलत संपते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवताना कापलेली, अंतिम प्रत पाठवावी. पुस्तक पाठवायचे आणि प्रयोग वेगळ्याच संहितेचा करायचा, असे करू नये. आणि त्या प्रतीला ‘निर्देश’ची पाने जोडलेली असावीत. मंडळाला ती लागत नाहीत, पण तालमीच्या प्रती त्याच गठ्ठ्यातून निघतात.

आपले,
हिंदी नाटके करणारे काही हौशी रंगकर्मी,
नागपूर